कोमट

सकाळचे सव्वासहा. टीपॉयवर चहाचं स्टीलचं फुलपात्र होतं. श्रीरंगने पेपरातून डोळे न काढता ते उचललं. पाणीकपातीची बातमी वाचून होईपर्यंत ते तसंच हातात राहिलं, मग तो चहा प्यायला. कुमुद आत दाण्याचं कूट करत होती. ती काहीतरी म्हणाली. ते मिक्सरमध्ये गेलं.

*

दिल्लीत, नारायण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका शेडच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहिलंय: ‘कोमेट तक ठीक. उससे ऊपर लैंप कम करो.’ नवा माणूस आला की विचारतो, कोमेट म्हणजे काय. जुने सांगतात, टेक्निकल शब्द आहे, जर्मन असेल.

*

‘आँखें बंद. उँगली पर धागा लगे तो हाँ बोलिए,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

श्रीरंग सात वेळा हाँ म्हणाला. धागा तीनदाच टेकवला होता.

*

लशीच्या बाटलीवर एक लेबल असतं. त्यावर कडं, कड्यात टिकली. टिकली कड्याहून फिकी असेल तर लस द्यायची. टिकली कड्याइतकी गडद झाली, म्हणजे वाटेत कुठेतरी ऊब लागली, की बाटली टाकून द्यायची. एकदा गडद झालेली टिकली पुन्हा फिकी होत नाही.

*

श्रीरंगची मुलगी कादंबरी, तेव्हा सात वर्षांची, बादलीपुढे उभी. ‘बाबा, कोमट म्हणजे गरम की ठंडा?’

‘दोन्ही नाही.’

‘मग कुछ तो होगा ना.’

त्याने तिचा हात पाण्यात धरला आणि पाचपर्यंत मोजलं. ‘हे,’ तो म्हणाला.

एक

श्रीरंग बर्वे, वय छप्पन्न. वडील शांताराम बर्वे वाईहून दिल्लीला आले ते एका मंत्रालयात कारकून म्हणून, आणि मुलगाही तिथेच चिकटेल असं त्यांनी धरून ठेवलं होतं. मुलगा पहाडगंजच्या मराठी शाळेतून बाहेर पडला, सरकारी नोकरीच्या दोन परीक्षांत नापास झाला आणि छपाईच्या डिप्लोमाला गेला. शांताराम शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगत, ‘श्रीरंग प्रेसमध्ये आहे.’ पाहुण्यांना वाटे, वर्तमानपत्रात.

तो लेबलं छापतो. शाम्पूची, लोणच्याची, औषधांची. मशीनवर शाई ओली पडते आणि लगेच एका दिव्याखालून जाते. त्या जांभळट उजेडात ती पापणी लवेपर्यंत सुकते. पण दिवा नुसता उजेड देत नाही, तापही देतो. जाड कागद तो सोसतो. पातळ फिल्म सोसत नाही, आक्रसते, तिला चुण्या पडतात. ताप नको म्हणून दिवा मंद केला तर शाई कच्ची राहते आणि नखाने निघते. मशीन पळवलं तरी तेच. म्हणून दिव्याखाली एक ड्रम असतो, दुधाच्या कॅनएवढा, वरून आरशासारखा चकचकीत, आतून थंड पाणी फिरणारा. कागद त्या ड्रमला बिलगून जातो. वरून तापतो, खालून निवतो.

ड्रम फार गार झाला तर पावसाळ्यात त्याला घाम धरतो. ऊन झाला तर माल जातो. कोमट हवा.

रोल बदलताना मशीन थांबतं, दिव्यावर झापड पडतं आणि ड्रम उघडा होतो. मग श्रीरंग उजव्या हाताची चार बोटं त्यावर सपाट टेकतो, अंगठा हवेत ठेवतो, आणि मोजतो. मराठीतच. पाचपर्यंत बोटं सुखाने टिकली तर कोमट. मशीनवरचा त्याचा जोडीदार महिपाल, बुलंदशहरचा, चाळिशीचा, तेरा वर्षांपूर्वी आला तेव्हा त्याने हा शब्द ऐकला आणि वहीत लिहिला. वहीतून तो भिंतीवर गेला. महिपाल श्रीरंगला भाऊजी म्हणतो. भाऊ आणि पुढे आदराचा जी. मराठीत त्याचं काय होतं हे श्रीरंगने त्याला कधी सांगितलं नाही. कुमुदला मात्र सांगितलं होतं, आणि ती तेव्हापासून महिपालच्या बायकोची खुशाली ‘आमच्या भावजयबाई कशा आहेत’ अशी विचारते.

आठ वर्षांपूर्वी मॅनेजर तनेजाने ताप मोजायची बंदूक आणली होती. लाल ठिपका पाडायचा, आकडा वाचायचा. श्रीरंगने सगळ्यांसमोर ड्रम मुद्दाम तापवला. बंदूक म्हणाली, एकतीस. श्रीरंगने वाटीतलं पाणी ड्रमवर शिंपडलं, त्याची वाफ झाली. शेड हसली. तनेजाही हसला. त्या दिवसापासून बंदूक त्याच्या ड्रॉवरमध्ये आणि ड्रम श्रीरंगच्या बोटांवर.

दोन

हे मागच्या दिवाळीपासूनचं.

भाऊबीजेला हरिनगरच्या बाजारात त्याची एक चप्पल पायातून निसटली आणि तो तसाच चालत राहिला. फळवाल्याने हाक मारली, ‘अंकल, चप्पल.’ श्रीरंगने खाली पाहिलं तेव्हा त्याला कळलं. साखरेचा आजार अठरा वर्षांचा जुना. पाय आधी जातात, मग हात, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. हात गेला कधी, ते मात्र कळलं नाही. जाणाऱ्या गोष्टीचं हेच असतं, की ती कळायला जी लागते तीच गेलेली असते.

कादंबरी त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली, आईला न सांगता. ती गुरुग्रामला एका कंपनीत आहे, तेवीस वर्षांची. बाहेर आल्यावर ती मेट्रोच्या जिन्यात थांबली.

‘बाबा, तुम्ही सात वेळा हाँ का म्हणालात?’

‘लागला असेल असं वाटलं.’

‘ऑफिसमध्ये सांगून टाका ना. प्लीज यार.’

‘ऑफिस नाही, शेड आहे.’

‘तेच. सांगा, की मला आता ते होत नाही. ते जे तुमचं आहे, ल्यूकवॉर्म.’

तिला तो शब्द आठवला नव्हता. श्रीरंगने तो सांगितला नाही. आईला बोलू नकोस, एवढंच म्हणाला, आणि तिने मान हलवली, पण त्याच्याकडे न बघता.

त्यानंतर सहा महिने तो बोटं ड्रमवर टेकत राहिला. आपण खोटं बोलतो असं त्याला वाटत नव्हतं. दुसऱ्या खुणा होत्या. शाईचा वास बदलतो. फिल्मला कड सुटते. पंख्याचा आवाज जड होतो. एकतीस वर्षांत माणूस बोटांशिवायही बरंच शिकतो. तो आधी त्या खुणा बघायचा, मग बोटं टेकायचा, मग पाच मोजायचा. आतापर्यंत ड्रम प्रत्येक वेळी कोमटच निघाला होता.

फक्त टिकलीचं लेबल फिल्मवर नसतं. ते जाडसर कागदावर असतं, आणि तो कागद आक्रसत नाही, चुणी घालत नाही, वास सोडत नाही. टिकल्या दुसरीकडून छापून येतात, थंड खोलीत राहतात. या मशीनवर फक्त कडं आणि मजकूर चढतो. टिकलीवर एक पारदर्शक पापुद्रा असतो, तो दिव्याचा उजेड अडवतो. ताप अडवत नाही.

तीन

मे महिन्याचा शेवटचा आठवडा, बाहेर पंचेचाळीस. सकाळी आठला तनेजा स्वतः मशीनपाशी आला. टिकलीचे चार रोल, दुपारी तीनला थंड व्हॅन येणार, त्यात चढले पाहिजेत. व्हॅन थांबत नाही. तो असंही म्हणाला की गिऱ्हाईक नवं आहे, पहिलाच माल आहे, आणि बर्वेजी आहेत म्हणूनच आपण हे काम घेतलंय. हे तो मनापासून म्हणाला. तेच वाईट होतं.

पाणी थंड करणाऱ्या यंत्राच्या पाटीवर सोळा आकडा होता. श्रीरंगने तो वाचला, महिपालने वाचला. पहिला रोल लागला.

पहिल्या रोलनंतर मशीन थांबलं. बोटं ड्रमवर. एक, दोन, तीन, चार, पाच.

‘कोमेट, भाऊजी?’

‘कोमट.’

दुसऱ्या रोलनंतर महिपाल मान पुसत म्हणाला की आज दिव्याजवळ उभं राहवत नाही. श्रीरंग म्हणाला, आज दिल्लीत कुठेच उभं राहवत नाही. बोटं. पाच.

‘कोमेट?’

‘हो.’

तिसऱ्यानंतर त्याने दिवा थोडा कमी केला, मग नखाने शाई खरवडून पाहिली, ती निघाली, म्हणून पुन्हा वाढवला. कागद गप्प होता. कड सरळ, वास नेहमीचा. बोटं टेकवताना त्याने डोळे मिटले. का मिटले ते त्याला माहीत नाही. काहीतरी येईल म्हणून थांबला. पाच झाले. सहा झाले.

‘भाऊजी?’

‘कोमट आहे. चल.’

चौथा रोल साडेबाराला उतरला. चारही थंड खोलीच्या दाराशी एकावर एक ठेवले. मशीन तसंच तापलेलं उभं राहिलं. जेवणानंतर त्यावर शाम्पूचं काम लागायचं होतं.

चार

डब्यात पोळी आणि दाण्याचं कूट घातलेली दुधीची भाजी होती. श्रीरंग नळावर हात धुवायला गेला. साबण लावताना त्याला काहीतरी लिबलिबीत लागलं. म्हणजे डाव्या हाताला लागलं. उजव्याला नाही.

त्याने उजवा हात उजेडात धरला.

अंगठ्यावर एक फोड. तर्जनीवर एक, मधल्या बोटावर एक. मधला फुटला होता आणि त्याखालची कातडी ओली, गुलाबी होती. तो तिथेच उभा राहिला. नळ चालू राहिला. मागून कोणीतरी म्हणालं, ‘पानी, अंकल, पानी.’

फोड कशाने येतो. भाजल्याने. तो आज कशाला शिवला. ड्रमला. तीन वेळा.

डबा तसाच टाकून तो मशीनकडे आला. चालताना त्याने हात खिशात घातला. महिपाल पाटावर बसून काकडी कापत होता.

‘महिपाल, इकडे ये. हाथ धो के आ.’

‘क्या हुआ?’

‘ड्रमपे हाथ रख. गिन.’

महिपाल हसला. तेरा वर्षांत त्याला कोणी हे सांगितलं नव्हतं. त्याने पँटला हात पुसला, चार बोटं पुढे केली, अंगठा हवेत. अगदी श्रीरंगसारखा.

एक

‘एक,’ महिपाल म्हणाला.

दोन

त्याने हात ओढून घेतला आणि झटकला. मग श्रीरंगकडे पाहिलं. मग ड्रमकडे. मशीन थांबून वीस मिनिटं झाली होती.

‘भाऊजी, ये कोमेट नहीं है.’

‘नाही.’

‘सुबह से?’

श्रीरंगने चार रोलपैकी पहिला ओढला आणि त्याच्या बाजूला डावा हात लावला. डाव्या हातात अजून थोडं काही शिल्लक होतं. गरम गुंडाळलेला रोल आतून निवायला दिवस घेतो. थराखाली थर, प्रत्येक थरात ऊब, आणि प्रत्येक थरावर टिकल्या. त्याने सुटं टोक उलगडलं. थंड खोलीतून नमुन्याचा कागद काढून शेजारी धरला. नमुन्यातली टिकली भिजवलेल्या साबुदाण्याच्या रंगाची. रोलवरची किंचित जांभळी. किंचितच. मुद्दाम दाखवली नाही तर कुणाला दिसणार नाही इतकी.

हे लेबल कुठल्या तरी गावात पोचेल. सहा महिने टिकायची ती टिकली दोन महिन्यांत कड्याइतकी होईल. बाटलीतली लस चांगली असेल. नर्स नियमाप्रमाणे टिकली बघेल आणि बाटली टाकून देईल. रांगेतली बाई मुलाला तशीच घेऊन परत जाईल. कोणी कोणावर ओरडणार नाही, कारण सगळ्यांनी बरोबरच केलेलं असेल.

महिपाल पाण्याच्या नळीपाशी गुडघ्यावर बसला होता. त्याने जोड सैल केला. एवढ्या दाबाने यायचं पाणी करंगळीएवढं आलं, आणि त्याबरोबर पांढरा चुरा. इथलं पाणी खारं. नळी आतून बुजली होती. यंत्राच्या पाटीवर अजूनही सोळा होते. टाकीत सोळाच होते. ड्रमपर्यंत ते पोचत नव्हते.

‘मीटर टंकी का बताता है,’ महिपाल म्हणाला, स्वतःशीच. ‘ड्रम का कौन बताए.’

मग त्याच्या लक्षात आलं की हे कोण सांगायचं.

तीन

तनेजा दोन वाजता आला. त्याला महिपालने बोलावलं होतं. श्रीरंगच म्हणाला होता, बोलाव.

तनेजाने नमुना पाहिला, रोल पाहिला, चष्मा काढून पुन्हा पाहिला. उन्नीस-बीस का फर्क, छपाईत एवढं चालतं, असं त्याचं म्हणणं पडलं. मग त्याने महिपालला विचारलं की ड्रम गरम आहे हे कशावरून. महिपालने हात दाखवला. तनेजा म्हणाला, तुझा हात म्हणजे थर्मामीटर आहे का. आणि तो ऑफिसात जाऊन ड्रॉवरमधून बंदूक घेऊन आला. महिपालने तेवढ्यात नळी जोडली होती आणि झापडाखाली दिवा सकाळइतकाच पेटवून ठेवला होता. ड्रम सकाळसारखाच असायला हवा, असं श्रीरंगने त्याला सांगितलं होतं.

लाल ठिपका ड्रमच्या चकाकीवर पडला.

‘चौंतीस,’ तनेजा म्हणाला. त्याने तो आकडा महिपालला दाखवला, मग श्रीरंगला. ‘पैंतीस तक चलता है. है ना? चौंतीस.’

त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. व्हॅन निघाल्याचा फोन येऊन गेला होता. तो बंदुकीकडे बघत म्हणाला की तेव्हा आपण हिच्यावर हसलो होतो. मग त्याला आठवलं असावं की का हसलो होतो, कारण त्याने बंदूक खाली केली.

‘बर्वेजी. आप हाथ लगाओ. आप बोल दो कोमेट, माल जाएगा.’

शाम्पूच्या कामाची दोन माणसं येऊन उभी राहिली होती. महिपाल ड्रमच्या पलीकडे. तो श्रीरंगकडे बघत नव्हता. भिंतीवरच्या अक्षरांकडे बघत होता, जी त्यानेच लिहिली होती.

श्रीरंगने खिशातून हात काढला. फोड कुणाला दिसू नयेत म्हणून तळवा खाली. चार बोटं ड्रमवर टेकली, अंगठा हवेत.

एक.

काही नाही. लाकडावर ठेवावा तसा हात.

दोन. चौंतीस म्हणाली बंदूक. बंदुकीचं ऐकलं तर कोणाची चूक नाही. नळीची चूक, पाण्याची चूक.

तीन. अजून दोन वर्षं. अठ्ठावन्नला तो आपोआप जाणारच होता, हार घालून, बोटांसकट.

चार. वासही नाही. कागद गप्प, ड्रम गप्प.

चारला तो थांबला.

‘मुझे नहीं पता,’ श्रीरंग म्हणाला.

‘मतलब?’

‘गरम आहे की गार, मला कळत नाही. दिवाळीपासून कळत नाही.’ तो मराठीत बोलला हे त्याच्या लक्षात आलं. त्याने हात उलटा करून दाखवला. ‘ये सुबह का है. जल गया, और मुझे पता नहीं चला.’

तनेजाने फोड पाहिले आणि नजर काढून घेतली, एखाद्याच्या घराचं दार उघडं दिसल्यावर काढून घ्यावी तशी.

‘दिवाली से,’ तो म्हणाला.

‘हां.’

‘मुझे बोल देते. गन तो थी.’

श्रीरंग आपल्या कपाटापाशी गेला. ब्लेड, कापूस, स्पिरिट, आणि मागे काळ्या चिकटपट्टीचं रीळ, वायरला गुंडाळतात तसलं. त्याने दोन इंच पट्टी दातांनी तोडली. ड्रमच्या अगदी कडेला, जिथे कागद जात नाही तिथे, ती चिकटवली आणि डाव्या अंगठ्याने नीट दाबली. एक मिनिट थांबला.

‘अब देखो. काले पे देखो.’

तनेजाने लाल ठिपका पट्टीवर धरला. आकडा आला. त्याने बंदूक हलवली, पुन्हा धरली.

‘बावन.’

‘चमकते लोहे पे ये झूठ बोलती है,’ श्रीरंग म्हणाला. ‘काले पे सच बोलती है. मशीन बसवायला इंजिनियर आला होता, त्याने सांगितलं होतं.’

‘मशीन लगे तो अठारह साल हो गए.’

‘हां.’

‘और गन मैं आठ साल पहले लाया था.’

‘हां.’

महिपालने पहिल्यांदा श्रीरंगकडे पाहिलं. आठ वर्षं दोन इंच चिकटपट्टी कपाटात होती. तनेजाच्या ओठांवर प्रश्न आला होता, तो त्याने विचारला नाही. विचारला असता तर श्रीरंगकडे उत्तर होतं. त्याने ते आठ वर्षांत स्वतःलाही सांगितलं नव्हतं, पण होतं.

चार

त्या शेडमध्ये एक रीत आहे. वाया गेलेला रोल चुकून मालात जाऊ नये म्हणून त्यावर ब्लेड मारतात, वरच्या थरापासून गाभ्यापर्यंत. आणि ज्याने चालवला त्यानेच मारायचं. दुसऱ्याने मारलं तर त्याला शिवी दिल्यासारखं होतं.

तनेजा फोनवर व्हॅनवाल्याशी बोलत बाहेर गेला होता. तो ‘सर, सर’ म्हणत होता. श्रीरंगने पहिला रोल पाटावर घेतला. बोटात ब्लेड किती घट्ट धरलंय हे कळत नव्हतं, म्हणून त्याने ते डोळ्यांनी धरलं. महिपाल पुढे झाला. ‘मैं मार दूँ, भाऊजी?’

‘नको.’

ब्लेड आत गेलं. थर एकेक करून सुटले आणि रोल कणसासारखा उलगडला. टिकल्या, हजारो, सगळ्या सारख्या, किंचित जांभळ्या. दुसरा. तिसऱ्याला ब्लेड बदलावं लागलं. चौथ्याला त्याच्या अंगठ्यावरचा फोड फुटला आणि कागदावर एक ओला डाग पडला. त्याने तो पुसला नाही. टाकायचाच होता कागद.

पाच

तनेजाने त्याला काढलं नाही. दुसऱ्या दिवशी तपासणीच्या टेबलावर बसवलं. तिथे छापलेले रोल उजेडाखालून हळूहळू सरकतात आणि माणूस नुसता बघतो. डोळे चांगले आहेत अजून. टेबल मशीनकडे पाठ करून आहे.

नळी बदलली. ड्रमवर काळ्या पट्टीच्या जागी काळ्या रंगाचा चौकोन रंगवला. महिपालने भिंतीवरच्या ‘कोमेट’समोर बरोबरचं चिन्ह काढून ‘३२’ लिहिलं. रोल बदलताना मागून शाम्पूवाला विचारतो, कोमेट? महिपाल बंदूक धरतो आणि म्हणतो, बत्तीस. श्रीरंग मान वळवत नाही. पण मशीन थांबलं की त्याचे ओठ हलतात, एक ते पाच, असं महिपालने एकदा पाहिलं, आणि पाहिलं नाही असं केलं.

त्या संध्याकाळी, रोल कापले त्या, तो नेहमीच्याच वेळी घरी आला. कुमुदने दार उघडलं आणि आधी हात पाहिला. महिपालने कापूस गुंडाळून दिला होता, तो सुटला होता.

‘अहो, हे काय?’

‘ड्रमला लागलं.’

‘दुखतंय?’

तो ‘थोडं’ म्हणणार होता. ‘नाही,’ म्हणाला. ‘दुखत नाही कुमुद. बरेच दिवस झाले.’

ती त्याला खुर्चीवर बसवून खाली बसली आणि हात मांडीवर घेतला. अंगठा. तर्जनी. मधलं बोट. तिने आपला हात त्याच्या हातासमोर धरला आणि तसंच, काहीतरी गोल धरल्यासारखं, बोटं वाकवून पाहिली. मग तिने मलम लावलं, पट्टी बांधली. आत गेली. भांड्यांचा आवाज झाला. तिने फुलपात्र मांडणीवरून काढून वरच्या कपाटात, पाहुण्यांच्या भांड्यांमागे ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून चहा कानाच्या कपात येऊ लागला. श्रीरंगने विचारलं नाही.

मिक्सर चालू असताना कुमुद म्हणाली होती ते एवढंच: अहो, चहा निवला होता म्हणून फुलपात्रच गॅसवर ठेवलं होतं, सांडशीने धरा.